साधी गाठ

सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पिऊन आम्ही बायका बाकावर अवघडून बसलो होतो. माझी ताई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. त्यामुळे माझ्या पोटातही गाठ आहे असं कळल्यापासून मी तिच्याच मागे निघाले आहे, असं मनाशी धरून चालले होते.

आतल्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "गर्भाशयात फायब्रॉइड आहे. साधी गाठ. रक्तातला कॅन्सरचा ट्यूमर मार्करही नॉर्मल आलाय. काळजी करू नका."

बाथरूमला जाऊन मी बाकाशी परत आले. भीती एकटीने सांभाळायची सवय झाली होती, पण या सुटकेचं काय करायचं ते कळेना. जिला आधी फोन केला असता, ती ताईच नाही. चांगली बातमी हातात घेऊन इतकं एकटं वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

शेजारच्या अनोळखी बाईंनी सरकून जागा दिली. "काय निघालं हो?"

"साधी गाठ आहे."

"बघा. आणि मघापासून पदर पिळत बसला होतात." त्या हसल्या. "आता घरी कळवा आधी."

"कळवलं की आत्ताच, तुम्हाला," मी म्हणाले, आणि त्यांचा आत जायचा नंबर येईपर्यंत तिथेच बसून राहिले.