दोन्ही टोकांना वळलेल्या स्की

आम्ही निघण्याच्या दोन दिवस आधी आमच्या स्की निघाल्या. जपानात सामान माणसाच्या आधी प्रवासाला जातं. कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत (चोवीस तास उघडं असणारं दुकान) दोन लांबलचक पिशव्या दिल्या, पत्ता लिहिला आणि हात हलवत घरी आलो. पुण्याहून आईचा फोन होता. "आणि पोचल्याच नाहीत म्हणजे?" तिला कसं सांगू, स्की पोचतातच. शंका होती ती माझ्याबद्दलच.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आता परवानगी दिली होती, पण माझं मन देत नव्हतं. हारुको-सान या अडुसष्ट वर्षांच्या माझ्या घरमालकीणबाई. क्योतोतल्या घरात त्या वर राहतात, मी खाली. सहा वर्षांपूर्वी, माझ्या चाळिशीत, मला बर्फावर उभं त्यांनीच केलं. रागावतानाही 'सान' सोडत नाहीत. या वेळी त्यांनी जाहीरच केलं, "मेधा-सान, डोंगराच्या टोकापासून पायथ्यापर्यंत उतरलात तर ठीक. नाहीतर मीही माझ्या स्की देऊन टाकीन. एकटीने काय करू तिथे?" झालं. माझ्या एका गुडघ्यावर दोघींचे हिवाळे!

शिवाय माझ्या जुन्या, ताठ स्की त्यांनी अडगळीत टाकल्या आणि भाच्याच्या दुकानातून नवी जोडी वापरून बघायला आणली. रुंद, लवचिक, आणि पुढे वळतात तशा मागेही वर वळलेल्या. भाच्याचं म्हणणं, कुठल्याही बर्फावर चालतात, स्वभावाने खेळकर आहेत, कशा वाटल्या ते कळवा. मी प्रयोगशाळेत धातूच्या पट्ट्या वाकवून पोट भरते. खेळकर वस्तूवर माझा विश्वास नाही.

नागोयाला गाडी बदलली, नागानोहून बस धरली. एका बोगद्यात शिरताना बाहेर तपकिरी शेतं होती, बाहेर पडलो तर कुंपणंसुद्धा बर्फाखाली गेलेली. आमच्या उतरण्याच्या घरी दारातच दोन्ही पिशव्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

सकाळी लिफ्टवरचा माणूस म्हणाला, "इत्तेराश्शाई!" (जाऊन या.) आपल्यासारखंच, नुसतं 'जा' म्हणत नाहीत. मला तेवढाच धीर आला.

रात्रभरात गोठलेला उतार टणक झाला होता. जुन्या स्की अशा बर्फात कड रोवून रेघ मारत जायच्या. या बाईसाहेब थडथडायला लागल्या. मी सवयीने आणखी जोर लावला, तशा त्या आणखी सटकल्या आणि तिसऱ्या वळणावर मी बसले. गुडघा शाबूत होता, अब्रू गेली.

"मेधा-सान," मागून आवाज आला, "भांडू नका त्यांच्याशी."

हारुको-सान नेहमी मागूनच येतात. पुढे मी, मागे त्यांचा आवाज.

मग त्यांनी मला कडेच्या भुसभुशीत ताज्या बर्फात घातलं. तिथे मात्र चमत्कार. रुंद पट्ट्या वर आल्या, तरंगल्या, घोट्याने नुसतं सुचवलं तरी वळल्या. मी चक्क हसले. पुढे लोकांच्या ये-जा करण्याने उखडलेल्या बर्फात स्कींनी मला इकडेतिकडे उडवलं, पण पाडलं नाही.

दुपारी ओयाकी खाल्ल्या (खारात मुरवलेली पालेभाजी भरलेली जाड पोळी). मी डबीतली शेंगदाण्याची चटणी काढली. हारुको-सान डोळ्यांत पाणी येईपर्यंत खात राहिल्या आणि "तिखट नाहीये" म्हणाल्या.

दोन वाजता आम्ही टोकावर गेलो. उन्हाने बर्फ जड, ओला झाला होता. गुडघ्यांचा खरा शत्रू. पण मी जोर लावायचा नाही असं ठरवलं होतं, आणि स्की आपणहून लुटुलुटु वळत होत्या. पायथा दिसायला लागला. मी मनातल्या मनात आईला फोनही लावला. तेवढ्यात झाडांच्या सावलीत पुन्हा गोठलेला एक तुकडा आला, डावी स्की सटकली आणि मी गर्रकन उलटी फिरले.

जुन्या स्कींची सपाट शेपटी बर्फात रुतून मला आपटली असती. या स्की शेपटीकडूनही वळलेल्या. त्या आनंदाने उलट्याच चालू लागल्या. आणि डोंगराकडे तोंड करून घसरताना मला सहा वर्षांत पहिल्यांदा हारुको-सान स्की करताना दिसल्या.

काठ्या मनगटांना लोंबत होत्या. दोन्ही हात पसरलेले, कमरेत वाकलेल्या, नजर माझ्या गुडघ्यांवर. रांगतं मूल उभं राहायला लागलं की त्याच्यामागे आपण चालतो तशा. मागच्या माणसाला उतारावर पुढचं पडणारं माणूस पकडता येत नाही, हे कुणालाही कळेल. सहा वर्षं त्या अशा येत होत्या, आणि मी समजत होते की त्या चुका मोजताहेत.

पायथ्याच्या मऊ ढिगाऱ्यात मी अलगद बसले. गुडघा ठीक होता.

"उतरले!" मी ओरडले.

"उलट्या," त्या म्हणाल्या. हात केव्हाच खाली गेले होते. "पण उतरलात."

परतीच्या गाडीत त्यांनी भाच्यासाठी माझा अहवाल लिहून घेतला. टणक बर्फात काठावर पास, भुसभुशीत बर्फात पहिला नंबर, ओल्या बर्फात गुणी. मागे जाण्याचा विषय दोघींनीही काढला नाही.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. हारुको-सान दमल्या होत्या. वरच्या मजल्याचा अरुंद जिना कठडा धरून चढू लागल्या. मी मागून निघाले, दोन पायऱ्या सोडून, हात पसरून.

"मेधा-सान," त्या मागे न बघता म्हणाल्या, "हात खाली घ्या. मी पडत नाही."

मी "हो" म्हटलं आणि हात तसेच ठेवले.