खालचं काळं, वरचं तांबडं

माझं माहेर मलकापूरच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. तिथं पाऊस असा की चार महिने कपडे चुलीजवळ वाळवायचे, आणि माती इतकी तांबडी की साडीचा काठ एकदा माखला की तो रंग सुटत नाही. लग्न होऊन मी गडमुडशिंगीला आले तेव्हा माझ्या जुन्या साड्यांच्या काठांना तो रंग होता. सासरे सोप्यात बसून ते काठ बघायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "धाकटी सून तांबड्या मातीतली हाय. नाचणीवर वाढलीया. आपल्या काळ्या रानात रुजती का बघू."

आलेले पाहुणे हसायचे. मीही खाली बघून हसायची. मला पहिल्यापासून मोठ्यानं बोलता येत नाही. चौथीत असताना गुरुजी म्हणायचे, हिचं उत्तर ऐकायचं तर हिच्या तोंडाला कान लावायला पाहिजे. पाचवीची शाळा लांबच्या गावात होती, त्यामुळे पुढं कुणाला माझं उत्तर ऐकायची वेळ आली नाही.

सासऱ्यांचं रान म्हणजे एकच लांबट पट्टा. वरचं टोक माळाला, खालचं ओढ्याला. वर तांबूस, मुरमाड. हातभर खणलं की कुदळ वाजायची. खाली काळंभोर. उन्हाळ्यात त्याला इतक्या रुंद भेगा पडायच्या की खुरपं आत गेलं तर परत मिळायचं नाही. घरात काळ्या रानाचं नाव निघालं की सगळ्यांचा आवाज बदलायचा. देवाचं बोलल्यासारखं बोलायचे.

मुलगी दोन वर्षांची होती त्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी ठरवलं की आपल्या डोळ्यांदेखत दोन मुलांत वाटणी करून टाकायची. पट्टा मधून आडवा तोडायचा. जो तुकडा आमच्या वाट्याला येईल त्यावर आम्हाला जन्म काढायचा होता. नवऱ्याला कसबा बावड्याच्या साखर कारखान्यावर हंगामापुरतं काम होतं, बाकी सगळं रानावरच.

त्याच उन्हाळ्यात शेतकी कॉलेजातली माणसं मातीची पाहणी करत आली. तालुक्याचा नकाशा करायचा होता. कुठं कुठली माती, तिचा प्रकार कोणता, ते बघायला ठिकठिकाणी पुरुषभर खोल खड्डे घेत होते. आमच्या रानात दोन घ्यायचे म्हणाले, एक वर, एक खाली. सासरे म्हणाले, "खणा की. सोनं निघालं तर निम्मं आमचं."

त्यांच्यात एक मॅडम होत्या. उन्हानं तोंड सोललेलं, पायात पुरुषी बूट. खालच्या खड्ड्यात त्या स्वतः उतरल्या आणि पाण्याची कळशी घेऊन गेलेल्या मला म्हणाल्या, "ताई, टेपचं टोक तळाशी धरता का जरा?" मी उतरले. नवरा त्या दिवशी कारखान्यावर होता. थोरले दीर चहाची किटली घेऊन आले होते, ते खड्ड्याच्या काठावर बसून राहिले.

मी मातीत रोज हात घालत होते, पण माती अशी उभी कापलेली कधी बघितली नव्हती. मॅडम सुरीनं ढेकूळ काढायच्या, रंगाच्या चौकोनांचं पुस्तक त्याच्याशेजारी धरायच्या, रंगाचा नंबर सांगायच्या. वर उभा असलेला माणूस लिहून घ्यायचा. मग माती थुंकीनं मळायच्या आणि अंगठ्यानं दाबत तिची पट्टी काढायच्या. ती पट्टी शेवयीसारखी लांबत जायची, तुटायची नाही. खाली गेल्यावर ढेकळं एका बाजूनं घासून चकाकत होती. त्याच्याही खाली चुनखडीचे पांढरे खडे. त्यावर बाटलीतले दोन थेंब टाकले तसा फेस आला.

मी हळूच विचारलं, "आमच्याकडची माती अशी का न्हाय? मलकापूरची?"

त्यांना ते ऐकू गेलं. त्यांनी सांगितलं. किती वर्षांच्या पावसाचे आणि उन्हाचे आकडे त्यांच्याजवळ होते. डोंगराकडं पाऊस इतका, की मातीतला चुना आणि खार धुऊन जातो आणि मागं तांबडं उरतं. इथं तेवढा पाऊस नाही, त्यात ही चिकण माती, पाणी खाली उतरूच देत नाही. धुऊन जायचं ते सगळं आतच राहतं. "जिरायत शाळूला झकास जमीन आहे," त्या म्हणाल्या. "पण इथं ऊस लावून पाणी सोडत राहिलात, तर दहा-पंधरा वर्षांत खार वर येणार."

दिरांनी काठावरून विचारलं, "आणि वरचं?"

"वरची उथळ आहे. खत जास्त लागेल. पण निचरा उत्तम. पाणी असेल तर कधी दगा देणार नाही."

"विहीर वरच हाय," दीर म्हणाले आणि मॅडमना दुसरा कप ओतला.

मग खड्ड्याचा फोटो घ्यायचा होता. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही बाहेर या. फक्त माती दिसायला हवी."

रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "तुला तुझं माहेरचं तांबडंच ग्वाड लागणार."

"मॅडम बोलल्यात ओ. भावजींनीबी ऐकलंय."

"मॅडमचा बा शेतकरी हाय का? पगार घेत्यात आन् जात्यात. गावात इचार कुणालाबी, काळं सोडून तांबडं कोण घेतंय?"

एकच गोष्ट होती. दिरांनी ती मॅडमच्या तोंडून ऐकली, नवऱ्यानं माझ्या.

आमच्याकडं वाटणीची रीत अशी, की वाटे थोरल्यानं पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरल्यानं लबाडी केली तर वाईट वाटा त्याच्याच गळ्यात पडावा, म्हणून. धाकट्यानं हव्या त्या वाट्यातलं एक ढेकूळ उचलून बापाच्या पायाशी ठेवायचं. ठेवलं की संपलं.

वाटणीच्या दिवशी दिरांनी दोर धरून वाटे पाडले. वरचा मोठा पाडला आणि विहीर त्यात ठेवली, खालच्याला पाण्याची पाळी दिली. खालचा लहान. पंच मान हलवत होते. लहान असला तरी काळा होता, न्याय बरोबर होता. नवरा बांधावर उभा राहिला. मी त्याच्या मागं जाऊन सदऱ्याला धरलं आणि म्हणाले, "वरचं घ्या. पाया पडते, वरचं घ्या."

त्यानं ऐकलं. मला माहीत आहे, कारण त्याचे कान लाल झाले. पण ते सासऱ्यांनीही बघितलं. "काय म्हणती तांबडी?" ते म्हणाले. "बायकूला इचारून ढेकूळ उचलतोस व्हय रं?"

पंच हसले. दीर हसले नाहीत. ते ओढ्याकडं बघत होते.

नवरा तरातरा खाली गेला आणि कलिंगडाएवढं काळं ढेकूळ दोन्ही हातांनी उचलून आणलं. सासऱ्यांनी त्याला पायानं जरा ढकलून बघितलं, बैलाचा खूर बघतात तसं, आणि म्हणाले, "शाना हाईस."

जाऊबाईंनी त्या दिवशी पुरणपोळी केली. मला दोन जास्त वाढल्या.

आम्ही ऊस लावला. सगळ्यांनीच लावला होता. वरून दिरांचं पाणी झिरपायचं, आमची पाळी वेगळी. पहिली काही वर्षं ऊस असा आला की नवरा लोकांना मुद्दाम बांधावर घेऊन जायचा. मग ओढ्याकडच्या कोपऱ्यात एक जागा उगवायची राहिली, चादरीएवढी. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरं आलं. मी जिभेला लावून बघितलं. पुढच्या वर्षी ती जागा खळ्याएवढी झाली. आता निम्म्यावर काही येत नाही, उरलेल्यात येतं ते जनावरांच्या कामाचं. सकाळी उन्हात ते रान पिठूर दिसतं. दीर वरून हाक मारतात, "काय, मीठ इकायला काढलंय का न्हाय?" त्यांच्याकडं आता केळी आहेत.

सासरे हे बघायला होते. शेवटच्या वर्षी त्यांना बाजेवर बांधाकडं न्यायला लागायचं. ते पांढरं बघून म्हणाले, "तांबडीचा पाय पडला रानात." मी त्यांना पाणी पाजत होते. पाजून झालं, तोंड पुसलं, आणि बाज उन्हातच ठेवून घरी आले. चहा करून, पिऊन, मग नवऱ्याला घेऊन आणायला गेले.

नवऱ्याला लोक विचारतात, काळं रान असं कसं झालं. बरीच वर्षं तो नशीब म्हणायचा. अलीकडं वेगळं सांगतो. "हिला म्हाईत होतं. ती मॅडम हिला समदं सांगून गेलती. पर हिच्या तोंडातनं शब्द भाईर पडल तर शपथ." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतोय. आता त्याला ते खरंच वाटतं. मुलगीही सासरहून आली की म्हणते, "आई, तू तवा बोलायला पायजे हुतंस."

यंदा मार्चमध्ये कॉलेजातली माणसं परत आली. जुन्या पाहणीत आमची माती एका प्रकारचा नमुना म्हणून नोंदवली होती, तिचं आता काय झालं ते बघायचं होतं. मॅडम नव्हत्या. एक सर होते आणि बसभर मुलंमुली. खड्डा जवळपास त्याच ठिकाणी घेतला. सर मुलांना म्हणाले, "खारावलेल्या काळ्या जमिनीचं इतकं चांगलं उदाहरण तुम्हाला सगळ्या जिल्ह्यात मिळणार नाही." मुलं फोटो काढत होती. एकीनं पांढरं बोटाला लावून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

मग सर मला म्हणाले, "मावशी, तुम्ही आत उभ्या राहता का? खोली कळेल."

मी उतरले. पाठीला माती गार लागली. सरांनी वर उभ्या असलेल्या नवऱ्याला विचारलं, "त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"हिला म्हाईत हुतं," नवरा म्हणाला. "बोलली न्हाय."

मुलं खाली माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "सांगितलं हुतं. दोनदा सांगितलं." मोठ्यानं म्हणाले. माझा आवाज एवढा मला कधी ऐकू आला नव्हता.

"मावशी, बोलू नका," सर म्हणाले. "फोटो हलतोय."