टाकी वाजवून ओळखलेली डीपी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या फजित्या माझ्याआधी कळतात. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. ऐका झालं.

सांगलीत माझं ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. गावोगावच्या जळालेल्या डीप्या, म्हणजे खांबांवरचे ट्रान्सफॉर्मर, आमच्याकडे येतात. अलीकडे त्यांच्यात एक नवी जात आली आहे — ॲमॉर्फस. वीज कमी खाते, पण तिच्या पोटातला गाभा केसाहून पातळ पट्ट्यांचा, काचेसारखा ठिसूळ. साधा गाभा लाकडी हातोडीने ठोकून बसवता येतो. हा ठोकला की संपलाच. म्हणून उघडण्याआधी ओळखायची. कशी? बाहेरच्या तेलाच्या टाकीवरची पाटी वाचून. शहाणी माणसं तसंच करतात. मी मात्र बोटांच्या पेरांनी टाकी वाजवून ओळखायचो — बाजारात कलिंगड वाजवतात तशी! काही वेळा बरोबर निघालं, आणि मी उस्ताद झालो.

कवठे महांकाळकडच्या एका वस्तीची डीपी आली, तेव्हा पाटीवर रंगाचा थर बसलेला. ब्लेडने खरवडायला कितीसा वेळ लागला असता? पण गिऱ्हाइकं बघत होती ना! मी डोळे मिटून टकटक केलं, जाहीर केलं — साधी आहे — आणि रुबाबात चहाला गेलो.

परत आलो तर तारांची वेटोळी भरणारा आमचा वाइंडर तानाजी हातोडी खाली ठेवून उभा. "मालक, ह्यो पत्रा काचंगत फुटतोय."

त्याच्या तळहातावर चंदेरी कपच्या. मला तिथल्या तिथे कळलं. डीपी बनवणाऱ्या कंपनीकडे परत पाठवायची, एवढंच करायचं होतं. पण मग कबूल करावं लागलं असतं — उस्ताद चुकला म्हणून. मी म्हणालो, पुसून घे, तेल भर, झाकण लाव. तानाजीने माझ्याकडे पाहिलं — आणि लावलं.

डीपी वस्तीवर गेली, थोडे दिवस चालली, आणि ऐन उन्हाळ्यात, डाळिंबांना पाणी हवं तेव्हा जळाली. लोकांनी मला बोलावून घेतलं. खांबाखाली सगळी वस्ती जमलेली. "सायब, कशानं जळली, तुमीच सांगा."

काय सांगितलं असेल मी? आमच्या धंद्यात सगळे सांगतात तेच — लोड वाढला. तारांवर आकडे टाकता तुम्ही.

सगळ्या माना एकाच माणसाकडे वळल्या. बिरू. अर्धी मेंढरं विकून डाळिंब लावलेला. तो खाली बघत म्हणाला, "एक बल्ब हुता, सायब... व्यालेल्या मेंढीपाशी."

एक बल्ब! त्या डीपीवर अख्ख्या वस्तीच्या मोटारी चालत होत्या. एका बल्बाने तिला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत. हे म्हणायचं होतं फक्त. तोंड उघडेना. गप्पांना बसलो की ज्याला कुणी आवरू शकत नाही, त्या माझं — उघडेना.

नवी डीपी आली तेव्हा वस्तीने बिरूला तिच्यावर जोडणी घेऊ दिली नाही. बाग उभी वाळली. तो उरलेली मेंढरं घेऊन बाहेर पडला.

गेल्या हिवाळ्यात वाईहून परतताना रस्त्यात कळप आडवा आला. गाडी थांबवली, तर समोर तोच. ओळखीचं हसला. मग खिडकीशी वाकून, शेजारी बसलेल्या माझ्या बायकोला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला, "सायब, तुमी जाणकार. येका बल्बानं येवडी मोठी डीपी जळती व्हय?"

लाजत होता तो. कुणापुढे लाजत होता?

मी म्हणालो, "जळते कधीकधी."

"मंजी माजंच चुकलं," असं म्हणून त्याने मान हलवली, मेंढरं रस्त्याच्या कडेला दाबली, आणि मला वाट करून दिली.

मी गाडी काढली.