विरोधात एक हात

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीच्या नर्सबाईंनी कधी कुणाला आडनाव विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी दुपारी त्या सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांची बैठक घेत. मूल कधी हवं, किती हवीत, नको असेल तर कायदा काय म्हणतो, एवढाच विषय. "आडनाव कळलं की लोक आधी धर्म बघतात, बाई नंतर," त्या म्हणायच्या.

लाजणाऱ्यांना त्या सांगत, "बोलू नकोस, नुसता हात वर कर. हात मोजावाच लागतो." एकदा जवळच्या राई गावची एक कोळीण कितीतरी वेळ हात वर करून बसली होती. शेवटी म्हणाली, "बाई, मना चौथा नको हाय. पन सासू न्हाय म्हनते."

शेजारची बुरखेवाली म्हणाली, "तेरी सास मेरी सास की बहन है क्या?"

सगळा हॉल हसला. बाईंनी कोळणीला सांगितलं, "सही तुझी लागते गं, सासूची नाही." आणि सोमवारी तिच्याबरोबर दवाखान्यात गेल्या.

मग तक्रारी आल्या. "पूजेच्या हॉलमध्ये गर्भपाताच्या गोष्टी? त्याही बाहेरच्या बायकांत?" सोसायटीच्या सभेत बाई म्हणाल्या, "पूजा करा की. दोन्हीला हॉल पुरतो." मतदान झालं. बैठक बंद करण्याविरुद्ध एकच हात वर होता, त्यांचा. मी सेक्रेटरी होतो. अध्यक्ष कानाशी म्हणाले, "एका मतासाठी कशाला? सर्वानुमते लिहा." मी लिहिलं. तसंच हॉलच्या दारावर लावलं.

"सेक्रेटरी, माझा हात मोजायचा राहिला," बाई म्हणाल्या.

"राहू द्या हो. काय फरक पडतो?"

"मला नाही पडत. त्या बायकांना वाटेल, मीच त्यांना सोडलं."

नंतर सात वर्षं त्या पिशवीत माहितीचे तक्ते घालून राईपासून तारोडीपर्यंत घरोघर फिरल्या. मला नमस्कार करायच्या. मीच नजर चुकवायचो.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. शोकसभा त्याच हॉलमध्ये होती. राईची ती कोळीण मला म्हणाली, "बाईंनी घरी येऊन सांगितलं, मी न्हाय बंद केलं. पन दारावर तर सगल्यांचं लिवलेलं होतं. खरं काय हाय?"

मी सभेच्या नोंदींची जुनी वही मागवली आणि उभा राहिलो. "इथं 'सर्वानुमते' लिहिलंय ते खोटं आहे. लिहिणारा मी. विरोधात एक हात होता, नर्सबाईंचा. मला ही नोंद दुरुस्त करायची आहे. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

सभासद एकमेकांकडे बघत राहिले. मागच्या रांगेतून कोळणीचा हात वर गेला, मग बुरख्यातला एक, मग आणखी.

"अहो, बाहेरच्यांचे हात मोजायचे नसतात," कुणीतरी म्हणालं.

मी मोजत राहिलो.