दिव्याचं ऊन

आक्का, मी निघाले त्या दिवशी औरंगाबादच्या स्टँडवर जागोजाग निळे झेंडे होते. विद्यापीठाच्या नामांतरानंतरची पहिली भीमजयंती होती, पोरं ढोलावर नाचत होती. त्या गर्दीतून वाट काढत आपण माझी बॅग मुंबईच्या एसटीपर्यंत नेली. वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर झालेल्या तुझ्या बहिणीला कंपनी थेट स्वीडनला पाठवत होती! मेंढरांमागं आयुष्य गेलेले आपले आबा खिडकीपाशी येऊन म्हणाले, "लई गार असंल तिथं. पर तू काय नरम पोरगी नाय."

उन्हाळा झकास गेला. रात्री दहालाही उजेड! मग नोव्हेंबर आला आणि दुपारीच अंधारून यायला लागलं. सर्दी गेली की खोकला, खोकला गेला की ताप. कामावरून आले की कोटासकट पलंगावर पडायचे. उगाच रडू यायचं. राजीनामा द्यायचं मी पक्कं केलं.

माझे पडदे उघडेनात, म्हणून शेजारच्या इंग्रिडबाईंनी दार वाजवलं. माझं तोंड बघितलं आणि हाताला धरून दवाखान्यातच नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "यात तुमचा काही कमकुवतपणा नाही. उजेड घटला की काहींचं मन खचतं, झोप बिघडते. झोप बिघडली की रोगाशी लढायची ताकदही कमी पडते." उपाय काय, तर रोज सकाळी एका प्रखर पांढऱ्या दिव्यापुढं बसायचं.

मला हसूच आलं. तरी बसले. आधी काहीच फरक नाही. आणि एका सकाळी बघते तर काय, दात घासता घासता मी गुणगुणतेय! भूक लागायला लागली, गाढ झोप यायला लागली. सर्दीसुद्धा हटली. ती दिव्यानं की झोपेनं, हे डॉक्टरबाईही छातीठोकपणे सांगेनात. मला कुठं पर्वा होती! आपल्या फुलंब्रीच्या एसटीडी बूथवर फोन लावून आबांना बोलावून घेतलं.

"दिव्याचं ऊन?" आबा ओरडलेच. "तिथं ऊनबी इकत घ्यावं लागतं व्हय?" मग आवाज उतरला. "बस मंग रोज. कामाला उशीर झाला तर होऊ दे, पर बस."

आता वाळूजहून नवी मुलंमुली येतात. अंधार पडायला लागला की मी त्यांना सकाळी माझ्याकडं बोलावते. दिवा लावायचा, चहा ओतायचा आणि कामावर जाईपर्यंत 'लई' आणि 'नाय'मध्ये मनसोक्त बोलायचं. इंग्रिडबाईही येऊन बसतात, न कळता हसतात.

तू दर फोनला विचारतेस, घरी कधी येणार. उन्हाळ्यात येते गं, नक्की येते. हिवाळ्यात मात्र घर सोडून निघवत नाही.