परत तूच?

काल नातीच्या शाळेत नव्या रंगाचा वास आला आणि मी एकदम अस्वस्थ झाले. लातूर नवा जिल्हा झाला त्या दुष्काळी वर्षी आमच्या गावच्या शाळेची पाटी नव्यानं रंगवत होते, तेव्हाही असाच वास वर्गभर पसरला होता. त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. मी चौथीत होते.

"बौद्धांची पोरं उभी ऱ्हावा," गुरुजी म्हणाले. आम्ही तिघं उठलो. साहेबांनी बोटानं मोजलं आणि बसवलं. मग त्यांनी विचारलं, "वर्गात पहिला नंबर कुणाचा?"

मी पुन्हा उठले.

"परत तूच?" साहेब म्हणाले. त्यांनी धडा वाचायला लावला. मी न अडखळता वाचला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी पळतच घरी आले. आई नुकतीच दुष्काळी कामावरून परतली होती. "आई, साहेबांनी मला दोनदा उभं केलं!"

"परत तूच?"पासून टाळ्यांपर्यंतचं ऐकून ती हसली, मला जवळ ओढून म्हणाली, "लई चांगलं झालं. अन् पहिल्यांदा कशाला उठवलं होतं?"

मी सांगितलं. केसांतून फिरणारा तिचा हात तसाच थांबला.

साहेबांच्या त्या "परत तूच?"मधला अचंबा मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली. तिला तो तेव्हाच ऐकू आला असावा.