फ्रान्सची सीमा ब्राझीलला लागते

मंगल गेली त्या सकाळी फोन आला तो तिच्या नवऱ्याचा, भास्कररावांचा. "शोभाताई, मंगल उठत नाहीये," एवढंच म्हणाले. मी तशीच रिक्षा केली. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीतून वाट काढत देवळाली कॅम्पात पोहोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं होतं. मी तिच्या उशाशी बसले होते आणि पर्समधला मोबाईल सारखा वाजत होता. पाहिलं, तर आमच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवर तिचा फोटो, खाली हात जोडलेली चित्रं आणि एक ओळ : 'शांत, सोशिक, मृदुभाषी शिक्षिका हरपली.' मृदुभाषी! कुणी लिहिलं, ते नाव वाचलं आणि तो मोबाईल भिंतीवर फेकून मारावासा वाटला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, तरी राग उतरलेला नाही. तो उतरावा असं मला वाटतही नाही.

मंगल माझ्याबरोबर एकाच शाळेत वीसेक वर्षं होती. मी मराठी शिकवायचे, ती भूगोल. माहेर मखमलाबादकडचं, फुलशेतीवालं. लहानपणी झेंडूच्या वावरात या टोकावरून त्या टोकाला हाका मारून तिचा गळा असा तयार झाला होता की, तिचा वर्ग सुरू झाला की शेजारच्या वर्गात मी कविता शिकवायची थांबायचे. चिडली की माहेरची बोली बाहेर यायची, "लय झालं आता!" आणि ती चिडायची ती चुकीच्या भूगोलावर. कुणी म्हणालं, चीनची भिंत चंद्रावरून दिसते, की ही डबा बाजूला ठेवून उठलीच. "चंद्रावरून अख्खा चीन नीट दिसायचा नाही, भिंत काय दिसते?" जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट सहारा नसून बर्फाचं अंटार्क्टिका आहे, यावर आमच्या विज्ञानाच्या सरांशी तिने पैज लावली, जिंकली आणि त्यांच्याकडून सगळ्या स्टाफरूमला कचोरी वसूल केली. मी एकदा म्हटलं, "अगं, एवढं काय? सोडून द्यावं." तर म्हणाली, "शोभा, तुझ्या कवितेत कुणी शब्द बदलला तर सोडशील? हे तर अख्खे देश आहेत. तिथं माणसं राहतात."

मग ती प्रश्नमंजूषा झाली. संस्थेच्या सगळ्या शाळांची स्पर्धा, सभागृह भरलेलं, आणि परीक्षक म्हणून संस्थेचे एक पदाधिकारी. ग्रुपवर 'मृदुभाषी' लिहिणारे तेच. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. आमच्याकडून कविता नावाची आठवीतली मुलगी होती. इगतपुरीकडच्या खेड्यातली, वडील रेल्वेत गँगमन, शिकायला नाशिकात मावशीकडे राहिलेली. प्रश्न आला : फ्रान्सची सगळ्यात लांब भू-सीमा कोणत्या देशाशी आहे? कविताने क्षणभरही न थांबता सांगितलं, "ब्राझील." सगळं सभागृह हसलं. परीक्षकही हसले. माइकवरून म्हणाले, "बाळ, फ्रान्स युरोपात आहे. ब्राझील कुठं, फ्रान्स कुठं! मधे अख्खा समुद्र आहे." पोरगी उभीच राहिली. "नाय सर, बरोबर हाय," ती म्हणाली. तिच्या त्या 'हाय'वर लोक पुन्हा हसले... पहिल्यापेक्षा जोरात. आणि उत्तर जाहीर झालं, स्पेन.

मंगल माझ्या शेजारच्या खुर्चीवरून कधी उठली, ते मला कळलं नाही. तिला माइकची गरज नव्हतीच. "उत्तर बरोबर आहे! दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयाना आहे. ती फ्रान्सची वसाहत नाही, फ्रान्सचाच भाग आहे. तिथं नाणंसुद्धा युरो चालतं. तिची सीमा ब्राझीलला लागते आणि ती स्पेनच्या सीमेपेक्षा लांब आहे. गुण द्या आणि त्या पोरीची माफी मागा!" पदाधिकारी म्हणाले, "मॅडम, खाली बसा. मुलांसमोर शोभतं का हे?" मंगल म्हणाली, "तुम्ही हसलात ते शोभलं?" आणि सरळ मंचावर चढून, रडणाऱ्या कविताचा हात धरून तिला खाली घेऊन आली.

त्यांच्यापैकी कुणीही घरी जाऊन नकाशा उघडला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पण उघडला नाही. मंगलकडे माफीनामा मागितला गेला. मुख्याध्यापक तिला समजावत होते, "दोन ओळी लिहा, विषय मिटेल." ती म्हणाली, "माझ्या दोन ओळींनी फ्रेंच गयाना तिथून हलणार असेल तर लिहिते." तिने लिहिलं नाही. त्याच वर्षी तिची बदली झाली, संस्थेच्या इगतपुरीच्या शाळेवर. नाशिकात भूगोलाची जागा रिकामी ठेवली, तिचे तास चित्रकलेच्या बाईंना दिले. पण मंगलला घाटमाथ्यावर पाठवलं. पन्नाशी उलटलेली बाई रोज पहाटे देवळालीहून पॅसेंजर धरायची. इगतपुरीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. दिवसभर ओल्या साडीत शिकवायची, आणि दोन पावसाळ्यांनंतर तिला खोकला जडला तो कायमचा. नोकरी संपेपर्यंत तिने ते केलं. मी एकदा म्हटलं, "सोडून दे ना नोकरी." म्हणाली, "मी सोडली तर ते बरोबर ठरतात."

कवितालाही वडिलांनी परत गावी नेलं होतं. ती त्याच इगतपुरीच्या शाळेत, मागच्या बाकावर बसलेली मंगलला सापडली. वर्गात तोंड उघडत नव्हती. "माझी बदली मी सोसली गं," मंगल मला म्हणाली होती, "पण ती पोरगी हात वर करत नाही, हे मला सोसत नाही." एका पावसाळ्यात ती वर्गाला घेऊन घाटाच्या कडेला गेली. एका बाजूचं पाणी दाखवून म्हणाली, हे खाली उतरून लगेच अरबी समुद्राला मिळणार. दुसऱ्या बाजूचं दाखवून म्हणाली, समुद्र एवढा जवळ असून हे त्याच्याकडे पाठ फिरवणार, दारणा नदीतून गोदावरीत जाणार आणि अख्खा देश ओलांडून पार बंगालच्या उपसागरात पडणार. तेव्हा मागून कविताने विचारलं, "बाई, मधोमध पडला थेंब, तर त्यो कुठं जाईल?" हे सांगताना मंगल माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. कविता आज नाशिकात नर्स आहे. अंत्ययात्रेला ड्यूटीवरून तशीच पांढऱ्या कपड्यांत आली होती. पण पुन्हा कधी कुठल्या मंचावर चढली नाही, ती नाहीच.

आणि मग संस्थेने शोकसभा ठेवली. त्याच सभागृहात. तेच गृहस्थ, आता आणखी वरच्या पदावर, फोटोला हार घालून बोलायला उभे राहिले. "मंगलताईंकडून एकदा उत्साहाच्या भरात एक छोटी चूक झाली होती," ते म्हणाले, "पण संस्थेनं मोठ्या मनानं त्यांना सांभाळून घेतलं." मी उभी राहिले. माझा आवाज मंगलसारखा नाही, पण मी बोलले, "चूक त्यांची नव्हती. तुमची होती. फ्रान्सची सीमा ब्राझीलला..." एवढंच झालं. सूत्रसंचालकाने घाईघाईने माइक ओढला, "आपण सर्वांनी आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहूया." सगळे उभे राहिले. माना खाली. मी एकटी तोंड उघडं ठेवून उभी... मेलेल्या बाईच्या नावाने त्यांनी मला गप्प केलं.

तिथून मी थेट देवळालीला गेले. भास्करराव म्हणजे एक शब्द बोलायचा तर दहादा विचार करणारा माणूस. जन्मभर बाजारात लष्करी गणवेश शिवले. झालं ते त्यांना सांगितलं. ते चहा टाकायला आत गेले. समोरच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता, मंगलने टांगलेला, उलटा. दक्षिण वर, उत्तर खाली. पृथ्वीला वर-खाली नसतं, म्हणायची. ज्यांनी आधी नकाशे छापले त्यांनी स्वतःला वर ठेवलं. मी पाहत होते तेवढ्यात भास्करराव चहा घेऊन आले.

"परवा संस्थेचे दोघं भेटायला आले होते," ते म्हणाले. "त्यातला एक उठला, म्हणाला, काका, नकाशा चुकून उलटा लागलाय, आणि काढायलाच लागला."

"मग?"

"मी ओरडलो त्याच्यावर." त्यांनी कपबशी माझ्यापुढे ठेवली. "आयुष्यात कुणावर ओरडलो नव्हतो, शोभाताई. हात लावायचा नाही म्हटलं. आधी नकाशा वाचायला शीक म्हटलं... शेजारची माणसं गोळा झाली."

आम्ही त्या नकाशाखाली बसून चहा प्यायलो. दोघंही अजून चिडलेलोच होतो.